दादाची सरळ रेघ

दारुडा कसा असतो हे आम्हाला अगदी नीट माहीत होतं. आमच्याच गल्लीत एक होता. संध्याकाळी भिंतीला धरधरून घरी यायचा, स्वतःच्याच दाराला शिव्या घालायचा आणि बायकोनं कडी काढेपर्यंत पायरीवर झोपी जायचा. अख्खी गल्ली खिडकीत उभी राहून बघायची. तो दारुडा. माझा दादा तसा नव्हता. तो कधी पडला नाही, कधी कुणावर आवाज चढवला नाही, कधी रस्त्यात गायला नाही, आणि गायला असता तरी सुरात नक्कीच गायला नसता. दादा पितो हे मला माहीत होतं. पण दादा दारुडा नाही, यावर माझा ठाम विश्वास होता. असल्या विश्वासाला आग लागो असं मी आता म्हणते, पण तेव्हा नाही म्हटलं.

दादा शिंप्याच्या दुकानात कपडे बेतायचा. दुकान त्याचं नव्हतं, मालक दुसरा होता. पण गिऱ्हाईक यायचं ते दादाच्या कात्रीसाठी, आणि सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मधोमध कपडा बेतायचं लांब टेबल, भिंतीशी पाच मशिनी आणि दाराजवळच्या खिडकीत माझं स्टूल. माझा संसार चार वर्षांत आटोपला, तेव्हा दादानंच मला आणून त्या स्टुलावर बसवलं. "हिला काज-बटणाला घ्या," तो मालकाला म्हणाला, "हिचा हात बारीक आहे आणि तोंड मोठं आहे, दुकानाला दोन्हीचा उपयोग होईल." तसा तो झालाही. काजं मी करायचे आणि तारखेवरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकांना परतवूनही मीच लावायचे. अठरा वर्षं मी त्या स्टुलावरून दादाकडे बघत होते. डोळे काय नुसते सुईत दोरा ओवायला दिले होते का मला, कोण जाणे.

माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरलाय हे दादाला कळायचं. टेप नंतर. एकदा एक वाकलेले म्हातारे गृहस्थ कोट शिवायला आले. दादानं पाठीत कपडा थोडा जास्त ठेवला, एका खांद्यात भर घातली आणि कुणाला काही सांगितलं नाही. कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी चांगला ताठ दिसतोय की हो." दादा म्हणाला, "तुम्ही ताठच आहात. तुमचा आधीचा शिंपी वाकडा होता."

आणि त्याची ती रेघ. पट्टी न लावता, खडू नुसता हातात धरून, दादा कपड्यावर दोन हात लांब रेघ ओढायचा. दोऱ्यासारखी सरळ. मालक मुद्दाम गिऱ्हाइकांना बोलावून ती दाखवायचा आणि मग असा काही हसायचा जणू त्यानंच ती ओढलीय.

पिणं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. आधी ते संध्याकाळचं होतं, सगळ्यांचं असतं तसं. दोन पेल्यांत दादा हसरा व्हायचा, वहिनीची टिंगल करायचा, गाढ झोपायचा. पुढं दोन पेल्यांनी काही होईना. मग बाटली संपली तरी चेहरा तसाच. वहिनी हे अभिमानानं सांगायची, "ह्यांना चढतच नाही मुळी." आम्हाला वाटायचं, म्हणजे सगळं ताब्यात आहे.

आता एकेक गोष्ट आठवते आणि कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. सकाळचा पहिला चहा दादा कप हातात घेऊन प्यायचा नाही. कप टेबलावरच ठेवायचा आणि मान खाली घालून पहिला घोट घ्यायचा. मी त्याला "मनीमाऊ" म्हणून चिडवायचे. दाढी दुपारी करायचा. सकाळी कुणी सही मागितली तर "ठेव तिथं, जेवून करतो" म्हणायचा. भर थंडीत सकाळी त्याच्या कपाळावर घाम असायचा आणि पोटात अन्नाचा कण जायचा नाही. दुकान उघडायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. मालक म्हणायचा, "कामसू माणूस." कामसू माणूस एकटा आधी येऊन काय करायचा, हे आम्हा कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

मग एका गिऱ्हाइकानं तक्रार केली. माप घेताना मास्तरांच्या तोंडाला वास आला म्हणे. मालकानं मला बाजूला बोलावलं. दादाला तोंडावर विचारायची त्याची छाती नव्हती, कारण दादा गेला तर दुकान बसलं असतं. तेव्हा शहाणपण मी केलं. मीच. "रोज सकाळी तुम्ही आलात की त्याला एका जुन्या काळ्या कापडावर रेघ ओढायला सांगा," मी म्हणाले. "सरळ आली तर त्या दिवशी कपडा हातात द्या. वाकडी आली तर पिऊन आलाय, सरळ घरी पाठवा." मालकाला ही कल्पना फारच आवडली. विचारायचं नाही, तोंड हुंगायचं नाही, भांडण नाही. रेघच सांगेल. दादाला हे सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "बरं, बारके." तो मला बारकीच म्हणायचा. मी चाळिशीची झाले तरी.

आठ महिने ही परीक्षा चालली. रोज रेघ सरळ. मी आणि मालक स्वतःवर बेहद्द खूश होतो. आठ महिन्यांत फक्त चार वेळा रेघ वाकडी आली, आणि वाकडी म्हणजे किती, खडू कापडावर टिकटिक करत पुढं गेला, तुटका, नागमोडी. चारही वेळा आम्ही त्याला घरी पाठवलं. पहिल्या वेळी तो मला हळूच म्हणाला, "बारके, आज घेतलेली नाही गं. काल दुपारपासून नाही." मी म्हणाले, "दादा, रेघ बघ आणि मग बोल." मशिनीवरचे सगळे हसले. मीही हसले. तो खाली मान घालून टोपी घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची रेघ पुन्हा दृष्ट लागावी अशी सरळ आली. "बघा," मी मालकाला म्हणाले, "चांगली अद्दल घडली."

एका दुपारी मालकानं टेबलाखालचं चिंध्यांचं पोतं ओतलं, तर आत बाटली. अर्धी. मालक चिडला, पण चिडण्यापेक्षा त्याला आपण फसलो याचं दुःख जास्त झालं. तो म्हणाला, "मास्तर, आठ दिवस घरी राहा. एकदम बंद करा. नवव्या दिवशी येऊन माझ्यासमोर रेघ ओढा. जमलं तर कात्री तुमची. नाही तर मी दुसरा माणूस बघतो." दादा बावन्न वर्षांचा होता. त्या कात्रीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. तो कबूल झाला. घरी जाताना वाटेत म्हणाला, "बारके, मला थोडी थोडी कमी करू दे. एकदम नाही झेपायचं."

"थोडी थोडी करता करता इथवर आलास ना?" मी म्हणाले. "एकदम म्हणजे एकदम."

मी माझी पिशवी भरून त्यांच्याकडे राहायला गेले. दोनच खोल्या, पण मी पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दाराची किल्ली माझ्या कमरेला, दादाच्या चपला माझ्या खुर्चीखाली. वहिनी स्वभावानं मऊ, तिच्यावर सोपवलं असतं तर तासाभरात विरघळली असती. म्हणून सूत्रं मी घेतली. कुणाला वाटेल मला त्यात मजा येत होती. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी थोडी येतही होती. आपण दादाला वाचवतोय असं वाटत होतं.

पहिल्या दिवशी तो थरथरत होता, घामानं दोन सदरे भिजले, पाणी प्यायला की उलटी. वहिनी म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांना दाखवू या का?" मी म्हणाले, "आणि डॉक्टरांना काय सांगणार? अख्ख्या गल्लीला कळेल." लाज. बाकी कारण काही नव्हतं, नुसती लाज. दवाखाना आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माझा हात धरला. त्याचा हात एवढा हलत होता की माझ्या बांगड्या वाजायला लागल्या. "बारके, एक सांगतो, ऐक. ती तुमची रेघ मी पिऊनच ओढायचो. घेतल्याशिवाय माझा हात उभाच राहत नाही. सकाळी आधी येऊन घ्यायचो, मग हात थांबायचा. नाही घेतली की वाकडी यायची. तुम्ही उलटं धरून बसलात."

मी म्हणाले, "वा! म्हणजे आता दारू औषध झाली का?"

"मला औषधच झालीय ती," तो म्हणाला. "एक घोट दे. वाटीभर दे. नाही तर काहीतरी होईल मला."

वहिनीनं कुठंतरी तळाशी उरलेली बाटली लपवून ठेवली होती. ती स्वयंपाकघरातून कपात घोटभर घेऊन आली, घाबरत, दाराशी थांबून. मी उठले, तिचं मनगट धरलं आणि कप मोरीत ओतला. दादा ओरडला नाही. नुसतं बघत राहिला त्या मोरीकडे. मला त्याची कीव आली नाही. मला राग आला होता. एवढा सोन्यासारखा माणूस आणि एका कपासाठी रडतो, याचा राग.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शांत झाला असं मला वाटलं. पलंगावर बसून चादरीवर बोटं फिरवत होता. जवळ गेले तर तो चादर बेतत होता. हातात खडू नाही, कात्री नाही, पण अंगठा आणि बोट कात्रीसारखी चालत होती. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "हात जरा वर घ्या साहेब, छाती मोजतो." भिंतीपाशी कुणी नव्हतं. त्यानं हवेत टेप धरला, माप वाचलं, मला म्हणाला, "लिही." मी कोण हे त्याला कळत नव्हतं, पण कुणीतरी लिहून घेणारं आहे हे त्याला कळत होतं.

वहिनीची पाचावर धारण बसली. मला संशय आला की ह्यानं कुठून तरी घेतली आणि आता बरळतोय. मी खाली वाकून त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता. आणि काय सांगू, मला आनंद झाला. वास नाही म्हणून आनंद झाला. अकराच्या सुमाराला त्याचे डोळे वर गेले, सगळं अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले.

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. आत घेतल्यावर वहिनी त्याचे कपडे आणायला घरी परत गेली आणि मी एकटी बाकावर बसले. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. डोळे तांबारलेले, केस कसेतरी बांधलेले. तिनं विचारलं, "पितात का?"

"प्यायचा," मी मान वर करून सांगितलं. "आता तीन दिवस थेंब नाही. मी स्वतः पहारा दिलाय."

मला वाटलं ती शाबास म्हणेल. ती माझ्याशेजारी बसली. "सकाळी हात कापायचे का त्यांचे? आणि घेतल्यावर थांबायचे?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि मला तो टेबलावर ठेवलेला चहाचा कप आठवला.

तिनं मला सगळं समजावलं, रागावली नाही. रोज पिणाऱ्याच्या शरीराला दारूची इतकी सवय होते की तिच्यावाचून ते बिथरतं. सकाळची थरथर, घाम, उलट्या, आणि घेतली की बरं वाटणं, हीच त्याची खूण. अशा माणसाची एकदम बंद करायची नसते, आणि घरच्या घरी तर नाहीच. जिवावर बेततं. त्याला दवाखान्यात आणायचं असतं, मग औषधं देऊन, नजरेखाली ठेवून सोडवता येते. "बरेच जण सुटतात," ती म्हणाली.

"पण तो कधी पडायचा नाही हो," मी म्हणाले. "त्याला चढायचीच नाही."

"न चढणं म्हणजे आजार पुढं गेलाय," ती म्हणाली. "तुम्हाला ते बरं लक्षण वाटलं, नाही का?"

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. हृदय थांबलं. शुद्धीवर आलाच नाही.

डॉक्टरीण जे बोलली ते मी वहिनीला सांगितलं नाही. कसं सांगणार होते? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "शेवटी ह्यांनी सोडली होती बरं का. तीन दिवस थेंब नाही. वन्संनी सोडवली. गेले ते कोरडे गेले." तिला तेवढाच आधार होता. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी खाली बघायचे. त्यांना वाटायचं, बिचारी दुःखात आहे. दुकानात नवा माणूस आला तेव्हा मालकानं ते काळं कापड पुन्हा काढलं. मी कात्री घेऊन त्याचे चार तुकडे केले आणि माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

चार महिने असे गेले. एका सुट्टीच्या दुपारी मी वहिनीकडे बसले होते, तेव्हा दुकानाशेजारी इस्त्री करणारी बाई धापा टाकत आली. तिचा नवरा गाड्यांवर माल चढवायचा, रोज प्यायचा. ती वहिनीला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आज सकाळपासून घरात कोंडलाय. पण हात फार कापतायत हो त्याचे, घाम फुटलाय. काय करू?"

वहिनीनं तिला सल्ला दिलाय हे मला माहीतच नव्हतं. वहिनी शांतपणे म्हणाली, "कापू दे. आमच्याकडे पण असंच झालं होतं. लक्ष द्यायचं नाही. मागितली तरी द्यायची नाही. हो ना वन्सं?"

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मला अजूनही गप्प बसता आलं असतं. खरं सांगते, एक क्षणभर मी बसलेही. मग मी म्हणाले, "दार उघड आणि त्याला दवाखान्यात ने. आत्ता. असं कोंडून माणूस मरतो. दादा तसाच गेला. दारूनं नाही गेला, मी एकदम तोडली म्हणून गेला. मला डॉक्टरांनी दवाखान्यातच सांगितलं होतं."

इस्त्रीवालीनं तोंडावर पदर घेतला. वहिनी उठली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला." कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण मीही उठले.

त्याला दोन बाजूंनी धरून आम्ही नेलं. वाटेत तो सारखा म्हणत होता, "मी काही पिऊन नाहीये हो, आज खरंच नाही." वहिनी त्याला म्हणाली, "माहीत आहे मला." दवाखान्यात तीच डॉक्टरीण होती. तिनं त्याचे हात पाहिले, नाडी पाहिली, कधीपासून बंद आहे विचारलं. सकाळपासून, इस्त्रीवाली म्हणाली. डॉक्टरीण नर्सला औषध सांगता सांगता म्हणाली, "वेळेत आणलंत."

इस्त्रीवाली त्याच्याबरोबर आत गेली. वहिनी बाकावर बसली. मी जरा अंतर ठेवून बसले. मला वाटत होतं ती आता मला बोलेल, त्या कपाचं बोलेल, मनगट धरलं त्याचं बोलेल, आणि बोलावंच असं मला वाटत होतं. पण तिनं विचारलं, "ह्यांना कधी आणायला हवं होतं?"

मी म्हणाले, "पहिल्याच दिवशी."

"पहिल्या दिवशी," वहिनी म्हणाली, "हे स्वतःच्या पायांनी चालत आले असते."